समुद्र बघितलेला फणस

आमच्या लाडक्या डोंगराच्या माथ्यावर आजवर एकच फणस पोचला, आणि तो मी नेला होता.

ही ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यातली गोष्ट. मुंबईहून माझा मेहुणा मोहन आला होता. पावसजवळच्या या डोंगरावरून थेट पूर्णगडापर्यंतचा समुद्र दिसतो, असं मी त्याला माझ्या लग्नापासून ऐकवत होतो. (ऐकवायला कुठं चढावं लागतं?) यंदा तो कॅमेरा घेऊनच आला. रोलमध्ये एकच फोटो उरला होता, तो समुद्रासाठी. दुसऱ्या दिवशी तो परतणार, म्हणजे माझी इतक्या वर्षांची अब्रू त्या एका फोटोवर टांगलेली!

पायथ्याशी सौ.च्या मामांचं घर. त्यांना न भेटता पुढं जाण्याची आमची छाती नव्हती. भेटलो, चहा झाला, आणि निघताना मामांनी माझ्या हातांत एक फणस ठेवला. फणस कसला, चांगलं बाळसेदार पोर होतं ते!

"मामा, येताना नेतो की."

"येताना? तुमी तर पलीकडच्या अंगानं उतरनार! जावयाला रिकामा धाडू व्हय मी? कापा हाय कापा! गरे बघा कसे कुरकुरीत लागतील."

झालं. मोहनकडे कॅमेरा, सौ.कडे वॉटरबॅग आणि माझ्याकडे फणस, अशी आमची मिरवणूक निघाली. खाली कातळ तापलेला, वर ऊन. डावा खांदा सोलवटला की उजवा, उजवा सोलवटला की डोकं. मोहननं "द्या भावजी" म्हणून तो घेतला आणि पुढच्या वळणावर मुकाट्यानं परत दिला.

"इथंच ठेवू या का?" मी विचारलं.

"आणि मामांना काय सांगायचं?" इति सौ.

"भावजी, समुद्र मुंबईलाही आहे," मोहन धापा टाकत म्हणाला. "आणि तिथं बस जाते."

शेवटी माथा आला. फक्त छातीएवढा एक कातळ चढायचा राहिला. हात मोकळे व्हावेत म्हणून मी आधी फणस वर ठेवला. क्षणभर तो ऐटीत बसला, समुद्राकडं तोंड करून. मग डुलला, माझ्या खांद्यावरून घरंगळला आणि आलेल्या वाटेनं सुसाट निघाला!

"अहो, खाली मामांचं घर आहे! माणसं आहेत!" सौ. किंचाळली.

आम्ही जीव मुठीत धरून धावलो. समुद्राचं नावसुद्धा कुणाला आठवलं नाही. करवंदीच्या जाळ्या तुडवत फणस मामांच्या अंगणाच्या दगडी गडग्यावर आपटून फुटला होता. माणसं सुखरूप होती. मामा मात्र एक लिबलिबीत गरा बोटांत धरून ओशाळे उभे होते.

"बरका निघाला वो!" ते म्हणाले. "आनि तेवढ्यासाठी एवढा डोंगर उतरून परत दाखवायला आलात! बरं केलंत जावईबापू. थांबा, आता ठोकून बघून देतो."

आणि त्यांनी दोन दिले.

पुन्हा चढायला पाय कुणाचेच शिल्लक नव्हते. एस.टी. यायला वेळ होता, म्हणून मोहननं थांब्यावरच रोल संपवला. तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे: माझ्या दोन्ही काखांत दोन फणस, आणि मध्ये तिसऱ्यासारखं माझं तोंड!