घरात थोरलं कोण?

१७ फेब्रुवारी. जुन्या संगणकातले मामांचे फोटो नव्या संगणकात घेणे. वहीत एवढंच लिहिलं होतं. मामांना जाऊन पाच आठवडे झाले होते आणि जुना संगणक कधी बंद पडेल याचा भरवसा नव्हता. काम टाळलं म्हणून ते कमी होत नाही.

बाबूमामा नात्यानं माझे कोणी नव्हते. केडगावातलं फोटोचं दुकान आम्ही दोघांनी मिळून बावीस वर्षं चालवलं. कॅमेरा त्यांचा; संगणक, अल्बम आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझी. गेले त्या दिवशी ते दुकानात आले नाहीत. अकराच्या सुमाराला मामींचा फोन आला, "ताई, ह्ये उठतच न्हाईत…" त्यांच्या श्रद्धांजलीच्या फलकासाठी फोटो शोधला, तर एकही धड सापडला नाही. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिलेला माणूस. शेवटी एका लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून काढला. खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला.

मामांची एक खोड होती. कुठल्याही लग्नाला गेले की हळदीआधी विचारायचे, "घरात थोरलं कोण?" मग त्या म्हातारीला किंवा म्हाताऱ्याला दाराच्या उजेडात खुर्चीवर बसवून एकट्याचा एक फोटो काढायचे. भांडगावच्या एका आजीनं त्यांना चांगलंच झापलं होतं. "लगीन नातीचं, आन् माझा कशाला काढतो रं मुडद्या?" मामा म्हणाले, "आजी, तुमच्याबिगर अल्बम सुरू व्हत न्हाई." ती हसली आणि मामांनी बटण दाबलं. असले फोटो अल्बमात कधीच जात नसत. वेळ फुकट जातो म्हणून मी कुरकुर करायचे. पुढे एकेका घरातून माणसं उतरल्या चेहऱ्यानं तोच फोटो मागायला दुकानात यायला लागली, तेव्हा माझी कुरकुर थांबली. ते सगळे फोटो 'थोरले' नावाच्या फोल्डरमध्ये होते, गावाप्रमाणे.

जुन्या संगणकातले फोटो इंटरनेटवरच्या ज्या खात्यात जात, ते मामांच्या नावाचं; नव्या संगणकावर ते उघडायचं तर ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार. मामींनी घरून वाचून दाखवला. "चार… सात… फुडं शून्य हाय का सहा, कळंना. चष्मा त्यांचाच लावलाय, ताई." दुसऱ्या खेपेला जमलं. पाच मिनिटांत सगळी फोल्डर नव्या संगणकावर दिसायला लागली. मी खूश. प्रत्येक नावापुढे ढगाचं बारीक चिन्ह होतं, तिकडे लक्ष दिलं नाही. आली होती ती नुसती नावं; फोटो अजून इंटरनेटवरच होते. आमच्या दुकानाचा नियम मामांनीच घातलेला… आलं की पुसायचं. कार्डावरचे फोटो संगणकात उतरले की कार्ड लगेच रिकामं, नाहीतर उद्याच्या लग्नात नवरी उभी आणि कार्ड भरलेलं. त्याच सवयीनं मी जुन्या संगणकावरचं 'थोरले' पुसलं. काहीतरी सूचना आली, ती न वाचता 'हो' दाबलं. खातं एकच, एकीकडे पुसलं की सगळीकडे पुसलं; माझ्या डोळ्यांदेखत नव्या संगणकावरूनही ते नाहीसं झालं.

तेवढ्यात शिरूरहून फोन. भांडगावच्या त्याच आजींची मुलगी. "ताई, आई गेली. उद्या दहावा हाय. मामांनी काढल्याला फोटो हाय ना तुमच्याकडं? आधारवरची आमची आई वाटतच न्हाई ओ." मी म्हणाले, "आहे. सकाळी भांडगावला जाताना घेऊन जा." म्हणाले खरी…

रडून उपयोग नव्हता. पाणी प्यायले, वेबसाइटवर जाऊन खात्याची कचरापेटी शोधली. सगळं तिथं होतं. परत आणलं आणि प्रत्येक फोटो नव्या संगणकावरच उतरवून ठेवायची खूण केली. नेट मुंगीच्या पावलानं चालत होतं. यवत, भांडगाव, पारगाव… एकेक ढग जाऊन हिरवी खूण येत होती. पाच वाजता आजी आल्या, हसतानाच्या. प्रिंट काढली, फ्रेम केली.

मग केडगावचं फोल्डर उतरलं. त्यात एक नाव होतं, 'दुकान-बाई'. उघडलं तर मीच. चष्मा कपाळावर, फोन कानाला, कुणावर तरी डाफरत असलेली. कधी काढला, पत्ता नाही. मला आत्ता कुठं त्रेपन्नावं लागलंय, तरी मामांनी मला 'थोरले'मध्ये घालून ठेवलं होतं, आणि त्यांचा स्वतःचा एक फोटो काढायचं मला बावीस वर्षांत सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आजींची मुलगी येऊन फ्रेम घेऊन गेली. दुकान बंद केलं, मामांचा कॅमेरा घेतला आणि त्यांच्या घरी गेले. मामींना दारात खुर्ची टाकून बसवलं. "आज काय लगीन हाय का?" त्या म्हणाल्या. "पदर सारखा करा आणि इकडं बघा," मी म्हणाले. चष्मा मामांचाच होता, तो राहू दिला. दुकानात येऊन फोटो संगणकात उतरवला, उघडून बघितला. कार्ड पुसलं नाही.