भरतीच्या वेळेचं जेवण

बाबलीभाऊ आमचे शेजारी. पण ते काम सुटून घरी बसेपर्यंत मी त्यांना नीट पाहिलंच नव्हतं. आम्ही गोव्यात आमोण्याला राहायला आलो तेव्हापासून कुंपणापलीकडच्या दोरीवर त्यांचा खाकी शर्ट वाळताना दिसला की समजायचं, आले आहेत. शर्ट नसला म्हणजे गेले. खनिज वाहणाऱ्या बार्जवर ते सव्वीस वर्षं कुक होते. महिन्यातले चार-पाच दिवस घरी, आणि त्यातलेही निम्मे झोपेत.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मांडवीतल्या बार्जी काठाला बांधून पडल्या आणि बाबलीभाऊ आपली ट्रंक घेऊन घरी आले. ते मूळचे दोडामार्गच्या बाजूचे, तरुणपणी कामाला म्हणून इकडे आलेले. घरात बायको सुमंगला, अंगणवाडीत मदतनीस. एकुलती मुलगी विनोदिनी, बारावी सायन्सला. नाव आजीचं, पण सगळे विनू म्हणायचे.

बार्जवरच्या जेवणाबद्दल त्यांनीच मला कुंपणाशी उभं राहून सांगितलं होतं. माणसं सात. बार्ज चालू असताना जेवण नाही, कारण एक जण सुकाणूवर आणि एक इंजिनाकडे लागतोच. भरती-ओहोटी बघून बार्ज थांबली की सगळे एकदम बसायचे. सातवा बसेपर्यंत कुणी भाताला हात लावायचा नाही.

"असं का?" मी विचारलं.

"नायतर भांडणां होतत, वैनी. लोखंडाची एक पेटी, चारय बाजून पाणी. पळतलो खय माणूस?" मग म्हणाले, "सारंगाक, म्हणजे आमच्या कप्तानाक, वांगा चलत नाय. इंजिनवाल्याक सोलकढी दोनदा व्हयी. आणि कोण अर्धो भात टाकून उठलो, तर समजायचा, घराकडसून काय तरी फोन इलो."

सात परक्या माणसांचं पोट आणि मन ज्याला असं माहीत, त्याच्या घरात काय चाललं होतं ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

सुमंगला आणि विनू यांची गेल्या कित्येक वर्षांची एक घडी बसलेली होती. सुमंगला अंगणवाडीतून आली की उभ्या उभ्या चार घास खायची. विनू ताट वाढून घ्यायची, खोलीत न्यायची, पुस्तक उघडून जेवायची आणि रिकामं ताट मोरीत ठेवायची. दोघींचं प्रेम नव्हतं असं नाही. फक्त जेवणाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. आमच्याकडेही फार वेगळं नव्हतं, हे मी कबूल करते. आमच्याकडे मेज आहे, चार खुर्च्या आहेत, आणि आपल्या दोन मुली जेवल्या की नाही हे मी कढईत उरलेल्या भाजीवरून ओळखते. धाकटी विनूच्याच वर्गात. बारावीच्या मुलीच्या आईला मार्कांची काळजी असते असं लोकांना वाटतं. मला काळजी असते ती मिटलेल्या दाराची. आत अभ्यास चाललाय की रडणं, ते दारावरून कळत नाही.

बाबलीभाऊंनी घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. भात सात माणसांचा. जमिनीवर तीन पाट. पहिल्या रात्री सव्वासातला जेवण, दुसऱ्या रात्री आठला, तिसऱ्या रात्री पावणेनऊला. पाचव्या दिवशी रात्रीचे सव्वादहा वाजले तेव्हा सुमंगलाचा आवाज आमच्या पडवीपर्यंत आला.

"आमच्या घराक काय भरती लागता? रोज पाऊण तास पुढे सरकता ता जेवण."

खरंच तसं झालं होतं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मागच्या दारातून नदीचं पाणी दिसायचं. पाणी चढलं, थांबलं, की यांच्या पोटात भूक उठायची. सव्वीस वर्षं घड्याळाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

विनू पहिले दोन दिवस पाटावर बसली. मान खाली घालून डाळभात खायची आणि उठायची. बाबलीभाऊ तिच्या ताटात मासा वाढायचे, ती तो तसाच ठेवायची. त्यांना तो अपमान वाटला. पुढं ती म्हणाली, मला अभ्यास आहे, मी खोलीत जेवते. त्यावर त्यांनी बार्जवरचा नियम सांगितला.

"जेवचा तर हय. खोलीत ताट जावचा नाय."

विनूनं वाद घातला नाही. ती खोलीत गेली आणि जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या धाकटीकडे वही मागायला आली. चेहरा उतरलेला. पोदेर नुकताच पाव देऊन गेला होता. मी टोणक, म्हणजे अळसांद्याची रस्सा उसळ, गरम केलं, पाव पुढं ठेवले, काही विचारलं नाही. तिनं चार पाव खाल्ले. त्यानंतरच्या दिवशीही आली. शेजाऱ्याच्या घरातला नियम आपण मोडतो आहोत हे मला कळत होतं. पण समोर उपाशी पोर असताना आई दुसरं काय करते?

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबलीभाऊ पायरीशी उभे. आता हे मला बोल लावणार म्हणून मी मनात उत्तरं जुळवली.

"चेडू तुमच्याकडे जेवता," ते म्हणाले.

"हो. उपाशी होती, म्हणून दिलं."

"बरा केलात." थोडा वेळ ते अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिले. "काय जेवला ता?"

"टोणक. पाव."

"आवडला?"

"चार पाव खाल्ले."

"माका काय म्हायतच नाय, वैनी. सुमंगलेक इचारलंय तर ती म्हणता, सतरा वर्सानी इचारतास? मी रोज ताजी मासळी आणतंय. पेडवे, मुडदुशे. बार्जीर लोक बोटां चाटीत. ह्या हातच लावणा नाय. माका बापूस म्हणान मानणाच नाय, असा दिसता."

विनू मासा का खात नाही ते मला ठाऊक होतं. पण मी सांगितलं नाही. माझ्याकडून ऐकलं असतं तर ते त्याच दिवशी माशाचं थांबवून मोकळे झाले असते, आणि मुलीशी बोलणं राहूनच गेलं असतं.

"तुम्ही तिलाच विचारा," मी म्हटलं.

"कशी इचारू? बसाकच येणा नाय."

"तुमच्या बार्जवर कुणी नवा खलाशी बसला नाही तर काय करायचात?"

त्यांनी विचार केला. "त्येच्या कामाची पाळी संपाची वाट बघायचंय. म्हणजे त्येच्या वेळार जेवण."

"मग विनूची पाळी कधी संपते ते विचारा."

ते तसेच घराकडे वळले. नंतर सुमंगलानं सांगितलं, ते विनूच्या दाराशी गेले, आत न जाता विचारलं, "तुका किती वाजता सवड गावता?" आतून उत्तर आलं, "आठ."

त्या दिवसापासून आठ. नदी कुठंही असो. मागचं दार ते सातलाच लावून घ्यायचे, पाणी दिसू नये म्हणून. रोज पावणेआठला त्यांची भिंतीवरच्या घड्याळाकडे बघण्याची घाई पाहून सुमंगला म्हणायची, "नव्या नवऱ्यासारखे करतास." विनू येऊन बसायची. बोलायची नाही. तेही बोलायचे नाहीत. पाळीवरून आलेल्या माणसाला पहिले चार घास शांतपणे खाऊ द्यायचे, एवढं त्यांना माहीत होतं. चार घासांच्या पुढं काय करायचं ते मात्र माहीत नव्हतं. असे आठ-दहा दिवस गेले. एकदा विनू म्हणाली, "मीठ कमी आसा." बाबलीभाऊंनी ते मला कुंपणापाशी येऊन सांगितलं.

मग एका संध्याकाळी मी सुमंगलाचं पातेलं परत द्यायला गेले, तर आठ वाजलेले. बाबलीभाऊंनी चौथा पाट मांडला. जेवणाच्या वेळी आलेल्या माणसाला तसं परत पाठवणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. मी बसले. बांगड्याची कढी होती. विनूनं वाटी बाजूला सरकवली आणि डाळ मागितली.

बाबलीभाऊंचा हात थांबला. माझ्याकडे एकदा बघितलं. मग अगदी हळू, नव्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "मासो कित्याक खाणस नाय?"

"काटे."

"बांगड्याक खय काटे? एक मधलो."

"दुसरीत होते मी," विनू ताटाकडे बघत म्हणाली. "पेडव्याचो काटो अडकललो. घशात. श्वास घेवक येय नाय."

"केव्हा?"

"तू बार्जीर हुतस."

सुमंगला भात वाढता वाढता थांबली. बाबलीभाऊ तिच्याकडे वळले. "माका कोणी सांगूक नाय."

"सांगून काय करतलात? बार्ज परती फिरवतलात?"

"नाय," म्हणाले. "फिरवची नाय ती." मग विनूला, "मगे?"

"मगे काय?"

"मगे काय झाला? दवाखान्यात कोणी नेला?"

"आईन. आणि ह्या काकूनी. स्कूटरवर. मी मध्ये." विनूनं पहिल्यांदा मान वर केली. "डॉक्टरान बॅटरी लावून बघितल्यान. म्हणालो, तोंड उघड, मगराएवढा. मी उघडलंय आणि त्याच्या बोटाक चावलंय."

सुमंगला हसली. मला तो प्रसंग लख्ख आठवत होता, पण चावल्याचं मी विसरून गेले होते. बाबलीभाऊ हसले नाहीत. ते विचारतच राहिले. काटा किती मोठा होता? रक्त आलं का? त्या रात्री झोपली का? दुसऱ्या दिवशी शाळेत गेली का? विनू सांगत होती. आधी एका शब्दात, मग वाक्यात, मग हातवारे करून. बाबलीभाऊंच्या बोटांवरचा भात वाळून पांढरा झाला तरी त्यांचा हात ताटातच होता.

"आणि काय काय झाला?" त्यांनी विचारलं. "मी नसताना?"

विनूनं जरा विचार केला.

"बरा मोठा आसा ता," ती म्हणाली. "आज नको. उद्या माझी फिजिक्सची टेस्ट आसा."

"उद्या?"

"टेस्ट झाल्यार. रात्री."

आपलं ताट उचलून ती मोरीकडे गेली.