शाबूत कान

शेजारचे नाना हल्ली रोज संध्याकाळी येतात, आमच्या बोक्याला मांडीवर घेतात आणि त्याच्या कानाच्या कडेवरून हळूच बोट फिरवतात. कान शाबूत आहे, कुठेही फाटलेला नाही.

याचा भाऊ नानांकडे होता. दोघं एकाच वेताची पिल्लं. आम्ही याची नसबंदी केली तेव्हा नाना चिडले होते. "मुक्या जिवाचे असे हाल करू नयेत. माझा बघ, राजासारखा फिरेल."

तो फिरला. आळीतली एखादी मांजर माजावर आली की त्याला घर आठवायचं नाही. परतायचा तो कान फाटलेला, गालात पू झालेला. नाना हळद लावायचे, पण जखम सुकायच्या आत तो पुन्हा कौलांवर असायचा. आम्ही त्याला स्वच्छंदी म्हणायचो. आता वाटतं, त्याला कुणीतरी फरफटत नेत होतं, आणि ते त्याच्याच अंगात बसलेलं होतं. दिवाळीनंतर तो आलाच नाही.

आमचा खिडकीत बसून असतो. बाहेर बोके भांडायला लागले की कान टवकारतो, मग डोळे मिटून घेतो. भिंतींना बोक्याच्या मुताचा तो उग्र वासही येत नाही. बरं झालं, असं मी मनात म्हणते. नानांसमोर म्हणत नाही.

काल निघता निघता त्यांनीच विचारलं, "याला फार दुखलं होतं का गं?"

"नाही नाना. दुसऱ्या दिवशी खायला मागत होता."

"एवढंच होतं होय," नाना म्हणाले, आणि दारापर्यंत गेलेले पुन्हा येऊन खुर्चीत बसले.