मैदानाची साईट आणि क्रांतीवहिनींचं नेट

शिवाजी पेठेत क्रांती साळोखेला ओळखत नाही असा माणूस बाहेरगावचाच असणार. दहावीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, पुढं चपाती केंद्र निघालं. कायदा तिला कुणी शिकवला नव्हता. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत, शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी भांडत तो तिनं स्वतःच उचलला. पेठेतल्या पोरींना मैदानावर फुटबॉल खेळायला तिनंच उतरवलं होतं. आता त्याच मैदानावर गाड्या लावायचा घाट एका ठेकेदारानं घातला होता.

मैदान वाचवायला क्रांतीनं एक वेबसाईट काढली होती. दुपारी महापालिकेत ह्याच मैदानाची सुनावणी होती. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी बजावलं होतं, "मोबाईल नाचवत येऊ नका. तुमच्या साईटवर असेल तेवढंच पडद्यावर लावीन." आणि सुनावणीआधीच ठेकेदारानं मैदानात सिमेंट ओतून लोखंडी खांब रोवलेले. सकाळी क्रांतीनं त्यांचे फोटो काढले. ते साईटवर चढले तर मैदान वाचण्याची आशा होती, नाहीतर गेलंच.

घरी येऊन ती बसली. आधी साईट पासवर्ड घेईना. तिनं तो पुन्हा घातला, मग आणखी जोरात घातला, जणू बटणं बडवल्यावर ऐकणार होती. मग तर पानच उघडेना. नुसतं चाक फिरत राहिलं. राऊटरची पिन काढली, पुन्हा खोचली. बातम्या उघडल्या, भजनं उघडली, पण तिची साईट काही उघडेना.

"बघितलंस, धोंडुबाई?" चपात्या लाटणाऱ्या बाईला ती म्हणाली. "सगळ्या जगाचं चालू हाय, फकस्त माझंच बंद. पाडली ह्यांनी!"

"कुणी?"

"कुणी म्हंजे? चल, घाल चप्पल!"

दोघी तडक तिच्या घरी नेट देणाऱ्या केबलवाल्या विश्वजितच्या दुकानात धडकल्या.

"किती घेतलास रं ठेकेदाराकडनं?"

"ओ वहिनी, बसा तर. काय झालं?"

"बसायला न्हाय आलो मी. माझी साईट का बंद केलीस?"

विश्वजितनं आपल्या कॉम्प्युटरवर साईट उघडली. मैदान, पोरी, फुटबॉल, सगळं झळकलं. "ही काय, चालू हाय की."

"तुझ्याकडं चालू, माझ्याकडं बंद! म्हंजे माझीच वायर आवळलीस!"

"वायर आवळली असती तर भजन कसं वाजलं असतं?"

दुकानासमोर माणसं गोळा झाली. क्रांती आता शटर ओढून घेणार, एवढ्यात मोबाईल दुरुस्तीवाला अमरसिंह गर्दीतनं पुढं आला. साईट त्यानंच बनवून दिलेली. त्यानं क्रांतीला घरी नेलं, तिच्या मोबाईलचं वायफाय बंद केलं आणि सिमकार्डाच्या नेटवर साईट लावली. उघडली.

"साईटला काय झालं न्हाय, वहिनी. तुमच्या घरच्या नेटला तिनं दार लावलंय. पासवर्ड किती वेळा चुकला?"

"मोजायला बसलो न्हवतो मी."

"सारखा सारखा चुकला की तिला वाटतं चोर आलाय. मग त्या घराचं नेटच ती आत घेत न्हाय. सुटंल आपोआप, पर दुपार सरंल. तवर मोबाईलवरनं फोटो चढवू. काय घालत होता?"

"रणशिंग. आपल्या तालमीच्या टीमचं नाव. दुसरं काय असणार?"

अमरसिंहनं कपाळावर हात मारला. "मी पासवर्ड बदललाय न्हवं! पेठेतलं शेंबडं पोरगंबी तालमीचं नाव घालून आत शिरलं असतं. मेसेज टाकलेला की तुम्हाला."

"बघितला. मला वाटलं चेष्टा करायलाईस!"

नवा पासवर्ड होता वज्रनाद. गेल्याच फायनलला रणशिंगला धूळ चारणारा संघ. पेठेत हे नाव कुणी घेत नसे, घेतलंच तर आधी थुंकत. अमरसिंहनं नेमका हाच हिशेब केलेला: पेठेतल्या कुणाच्याच बोटातनं हे नाव निघणार नाही.

"न्हाय घालणार," क्रांती म्हणाली. "हात मोडला तरी न्हाय."

"बरं, द्या हिकडं. मी घालतो."

तिनं मोबाईल मागं ओढला. मैदान पोरींचं, पोरींना मैदानात उतरवलं तिनं, आणि आता ऐन वेळी बोट दुसऱ्याचं लावायचं? दात खाऊन तिनं एकेक अक्षर दाबलं. फोटो चढले. सुनावणीला जाता जाता ती विश्वजितच्या दुकानासमोर थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझं चुकलं. पर खरंच कधी बंद केलंस, तर आजच्यापेक्षा वाईट हुईल!"

सुनावणीत खांब पडद्यावर आले. ठेकेदाराचा माणूस उठला, "साहेब, हे फोटो त्या मैदानाचे नाहीतच."

"मग उठा," क्रांती साहेबांना म्हणाली. "मैदान जवळच हाय. बोट लावून बघा, शिमिट अजून ओलं हाय."

"पाहणी पुढच्या आठवड्यात ठेवू."

"तवर वाळंल की! मग हेच म्हणतील, खांब जुनेच हायत." ती सरळ जाऊन दारात मांडी घालून बसली. धोंडुबाई शेजारी टेकली, मागोमाग चपाती केंद्रातल्या बाकीच्या बाया.

साहेबांनी दाराकडं बघितलं, ठेकेदाराच्या माणसाकडं बघितलं. तो ठेकेदाराला कळवायला खिशातनं मोबाईल काढत होता.

"फोन ठेवा," साहेब त्याला म्हणाले आणि ड्रायव्हरला हाक मारली.

"गाडी कशाला, साहेब?" क्रांती लुगडं झटकत उठली. "चालतच चला. ह्यालाबी संगं घ्या, न्हायतर मधीच पळायचा."