भाऊजी आणि उणे अठरा

साधारण, अंदाजे, जवळपास आणि चालून जाईल हे चार शब्द बोलायला बंदी घातली तर नाशिक शहर दुपारपर्यंत ठप्प होईल, आणि ते ठप्प झालेलं बघून ज्याला मनापासून समाधान वाटेल असा एकच माणूस मला माहीत आहे. ते आमचे भाऊजी. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. इंदिरानगरमध्ये आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायचे, जेवायला खाली यायचे. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायचे, "करायचं नाही असं ठरवलेलं नाही, केलेलं नाही एवढंच." दोन्हींत फरक आहे म्हणे. असेल. मला ते कळेपर्यंत पोळी करपायची.

इतक्या वर्षांत या माणसाने मला एकदाही "कशा आहात वहिनी?" असं विचारलं नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर शांतपणे म्हणाले, "त्याचं उत्तर नेमकं कशात द्यायचं ते ठरलेलं नाही. तुम्ही 'बरी आहे' म्हणणार. त्याचं मी काय करू?" त्यापेक्षा ते विचारायचे, "गुडघा काल जिन्याच्या कितव्या पायरीला दुखला?" भाजीवालीला यांनी विचारलं होतं, "वांगी ताजी आहेत का?" ती बिचारी म्हणाली, "सकाळचीच आहेत." तर हे म्हणाले, "आजच्या सकाळची का?" त्या दिवसापासून ती मला लांबून बघूनच ओरडायची, "ताई, तुम्हीच या. भाऊंना पाठवू नका."

भाऊजींचं काम काय, हे आमच्या नात्यागोत्यात कुणालाच सांगता आलं नाही. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत "कॉम्प्युटरचा डॉक्टर" म्हणत असत. मला जेवढं समजलं तेवढं सांगते. सी नावाच्या भाषेत लोक प्रोग्रॅम लिहितात. पण यंत्राला ती भाषा समजत नाही, म्हणून मध्ये एक दुभाष्या प्रोग्रॅम लागतो. त्याला कंपायलर म्हणतात. तो दुभाष्या कधीकधी स्वतःच चुकतो, आणि त्याच्या चुका शोधून दुरुस्त करणारी जी मंडळी जगभर पसरली आहेत त्यांतले एक आमचे भाऊजी. त्यातही त्यांचं खास खातं म्हणजे प्रकार. आकडा पूर्णांक आहे की अपूर्णांक, लहान जागेत मावणारा की मोठ्या, उणे होऊ शकणारा की नाही, हे कंपायलरने नीट सांभाळायचं असतं. तिथे घोळ झाला की भाऊजींना निरोप येई, आणि निरोप आला की त्यांचा चेहरा मुंजीतल्या बटूसारखा उजळे.

असल्या माणसाला माझ्या स्वयंपाकघरात राहणं किती जड गेलं असेल! आपल्याकडे बिस्किटांच्या डब्यात दोरे असतात, आइस्क्रीमच्या डब्यात कोथिंबीर असते आणि कॉफीच्या बरणीत मोहरी असते. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. भाऊजींचं बिघडायचं. एकदा पुऱ्या तळून झाल्या होत्या, म्हणून ते फ्रीजमधला श्रीखंडाचा डबा काढायला गेले. बराच वेळ आले नाहीत. मी जाऊन बघते तर फ्रीजचं दार सताड उघडं, हातात डबा, डब्यात इडलीचं पीठ. "वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "हा विश्वासघात आहे." मी म्हटलं, "हे पीठ आहे. दार लावा, वीज वाया जातेय." त्यावर त्यांनी मला समजावलं की डब्यावर एक आणि आत दुसरं, नेमक्या याच गोष्टीपायी जगात यंत्रं कोसळतात. मी म्हटलं, "माझ्या घरात पंधरा वर्षांत काही कोसळलं नाही." तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातातल्या पुरीकडे बघितलं. ती थंड झाली होती.

दुसरी सवय छाटणीची. कुठलीही चूक दिसली की तिच्याभोवतीचं सगळं एकेक करून काढत जायचं, आणि कमीत कमी किती सामानात ती चूक घडते ते बघायचं. कामात ठीक आहे. पण देवळ्याला एका लग्नात जेवून आल्यावर आमच्या घरातल्या सगळ्यांची पोटं बिघडली, तेव्हा आम्ही बाकीचे ताकभातावर राहिलो आणि भाऊजी मात्र बरे होताच त्या पंगतीतले पदार्थ रोज एक असे मागवून खाऊ लागले. जिलबीने काही झालं नाही. मसालेभाताने नाही. वांग्याच्या भाजीने नाही. मग एके दिवशी ते न्हाणीघरातून बाहेर आले, पांढरे फटक, भिंत धरून, पण डोळ्यांत विजयाची चमक. "मठ्ठा!" एवढंच म्हणाले आणि आडवे झाले. माझे यजमान वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "हा लहानपणापासून असाच."

आता फ्रीजरची गोष्ट. मी अंबडला एका शेडमध्ये गोठवलेल्या उकडीच्या मोदकांचं काम करते. हाताखाली दहाबारा बायका, बऱ्याचशा पेठ तालुक्यातल्या. त्यांच्या मुकादम हिराबाई. तांदळाची पिठी नुसती चिमटीत धरून ती कुठल्या तांदळाची ते सांगणाऱ्यांतल्या त्या नव्हेत, पण बायकांना आणि मला दोघांनाही धाकात ठेवतात. श्रावणभर मोदक वळून खोलीएवढ्या फ्रीजरमध्ये भरायचे आणि गणपतीच्या आधी गाडीत घालून रवाना करायचे, हा आमचा हंगाम. एकदा मोदक सैल पडला आणि परत गोठवला की पारी तडकते. मग तो फेकायचाच. म्हणून भाऊजींनी मला एक डबी बनवून दिली होती. ती आतलं तापमान आकड्यात दाखवायची, आणि आग लागली असं वाटलं तर यंत्र बंद करून भोंगा वाजवायची. दोन वर्षं डबी गुणी मुलासारखी वागली. उणे अठरा म्हणजे उणे अठरा.

मग त्या वर्षी, गणपती तोंडावर असताना, भाऊजींनी कंपायलरमधली कुठलीशी चूक दुरुस्त केली. ती दुरुस्ती त्यांना इतकी आवडली की तोच ताजा कंपायलर वापरून त्यांनी माझ्या डबीतला प्रोग्रॅम नव्याने तयार केला. मी बजावलं, "भाऊजी, चालू असलेल्या वस्तूला हंगामात हात लावू नका." ते म्हणाले, "चालू आहे हे दिसतंय. बरोबर आहे हे कुणी बघितलंय?" सकाळी शेडवर येऊन त्यांनी डबी लावली आणि तिच्या वायरीचं तापमान मोजणारं टोक फ्रीजरमध्ये सोडलं. आकडा सत्तावीसवरून उतरत वीस, बारा, पाच झाला. "बघा, उतरतंय," असं म्हणून ते खुशीत मिसळ खायला गेले.

त्यांची मिसळ संपण्याआधी इकडे भोंगा सुरू झाला. मी धावत गेले. फ्रीजरची घरघर थांबली होती आणि डबीवर आकडा होता दोनशे अडतीस. क्षणभर मला खरंच वाटलं, आत आग लागली. हिराबाईंनी दाराला हात लावला. "ताई, दार तर बर्फावानी गार हाय. आग कशाची?" बाकीच्या बायका पिठाच्या हातांनी तशाच उभ्या. श्रावणभराचं त्यांचं काम त्या दारामागे होतं आणि यंत्र बंद होतं.

मी फोन केला. भाऊजी तोंडाला तर्री लागलेली तशीच घेऊन आले, डबीकडे बघितलं आणि म्हणाले, "वा!"

"वा काय? मोदक सुटतील!"

"दोनशे अडतीस! वहिनी, हे उणे अठराच आहे. लहान डब्यातला आकडा मोठ्या डब्यात ओतताना उण्याची खूण सोबत न्यायची राहिली. किती स्वच्छ चूक आहे!" उण्याची खूण हरवली की अठराचे नेमके दोनशे अडतीसच का होतात, ते त्यांनी मला नंतर तीनदा समजावलं आणि मी तीनदा मान डोलावली. त्या वेळी मला एवढंच कळलं, की डबीला थंडी ही आग वाटतेय. मी डबी काढायला हात पुढे केला तर हे आडवे आले. "थांबा, हात लावू नका. दार थोडं उघडून बघू, आकडा कसा हलतो ते."

हिराबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "दार उघडायचं नाय, भाऊ. आकडा हलो का पळो. ताई, ह्यांनाच घटकाभर आत ठेवा, डोकं थंड व्हईल." बायका फिस्सकन हसल्या. तेवढ्यात मी डबीची पिन उपटली आणि यंत्राची पिन थेट भिंतीत खोचली. घरघर सुरू झाली. जुना काट्याचा थर्मामीटर आत दाराच्या काचेजवळ लटकतच होता. काचेतून दिसत होतं, काटा फार चढला नव्हता. मोदक वाचले. भाऊजी मात्र कुणी पुरावा पुसून टाकल्यासारखं तोंड करून उभे.

मी म्हटलं, "आता ते जुनं जे होतं तेच परत घाला आणि विषय संपवा."

"जुनं घातलं तर तुमचं बरोबर चालेल. पण चूक जगात राहील. वहिनी, कुठेतरी एखाद्या दवाखान्यात लसींच्या फ्रीजवर अशीच डबी बसेल. तिथे तुमच्यासारखं कुणी पिन उपटायला असेलच असं नाही."

"जगाचं तुम्ही बघा, मोदकांचं मी बघते," असं म्हणून मी डबी त्यांच्या हातात दिली. पुढे गाडी निघेपर्यंत हिराबाईंनी काट्यावर असा पहारा ठेवला की काट्याची हलायची हिंमत झाली नाही.

घरी वेगळाच हंगाम सुरू झाला. आमच्या फ्रीजरमधले मटार हद्दपार झाले आणि तिथे भाऊजींची वायर राहायला गेली. रोज जेवताना छाटणीची बातमी यायची. "आज भोंगा काढून टाकला, तरी चूक आहे." "आज आकडे दाखवणं काढलं, तरी आहे." एक दिवस ते ताटावर येऊन आनंदाने म्हणाले, "आज फ्रीजरही काढला. नुसता उणे अठरा उरलाय, पाच ओळींत, तरी चूक आहे!" मी म्हटलं, "मग माझे मटार आत ठेवू का?"

दुसऱ्या दिवशी मात्र छाटणीची बातमी आली नाही. वरणात मीठ कमी होतं, तेही बोलले नाहीत. मी विचारलं, "सापडली का? कुणाची निघाली?"

"माझी." त्यांनीच आधीच्या दुरुस्तीत घातलेली एक ओळ. एक चूक बुजवताना तिने दुसरी उघडली होती.

"मग काढून टाका गुपचूप. कोण बघतंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. श्रीखंडाच्या डब्यातल्या पिठाकडे बघितलं होतं, अगदी तसं. मग वर गेले आणि जगभरच्या त्या सगळ्या मंडळींना लिहून टाकलं, की चूक अमुक, केली मी, दुरुस्ती सोबत. तिकडून कुणीतरी एका शब्दात "ठीक" म्हणून उत्तर दिलं. भाऊजींना ते फार आवडलं. नेमकं होतं म्हणे.

गणपती गेल्यावर डबी परत शेडवर लागली. उणे अठरा. तेव्हा त्यांनी सहज सांगितलं, की दुरुस्तीबरोबर एक चाचणीही जोडावी लागते, म्हणजे तीच चूक पुन्हा कुणी केली तर लगेच उघडकीला येते. त्या पाच ओळी त्यांनी चाचणी म्हणून ठेवून दिल्या होत्या. "नाव काहीतरी द्यावं लागतं. मोदक दिलंय."

"मोदक? तिकडच्या लोकांना काय कळणार?"

"कळायची गरज नाही. चालली म्हणजे झालं."

पुढच्या वर्षी भाऊजी याच कामासाठी जर्मनीतल्या एका गावी गेले. निघताना दारात बॅगा घेऊन उभे होते, तेव्हाही मी कशी आहे, कशी राहीन, काही विचारलं नाही. "डबीवर पाणी उडू देऊ नका," म्हणाले. वरचा मजला बंद आहे. श्रीखंडाच्या डब्यात मी पीठ ठेवते, कुणी काही म्हणत नाही.

फोनवर मी एकदा विचारलं, ती चाचणी अजून आहे का? तर म्हणाले, आहे म्हणजे काय, रोज चालते. जगात कुठेही, कुणीही त्या कंपायलरला हात लावला, की बाकीच्या असंख्य चाचण्यांबरोबर तीही विचारली जाते: मोदक अजून उणे अठरावर आहेत ना? आहेत, असं उत्तर गेल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

सकाळी शेड उघडली की मी आधी डबीकडे बघते. अठराच्या आधीची ती बारीक आडवी रेघ जागेवर असते. परवा नकळत तोंडातून निघून गेलं, "आहेत हो, आहेत."

"काय म्हणल्या ताई?" हिराबाईंनी विचारलं.

"काही नाही. पारी जाड होतेय त्या पोरीची, तिकडे बघा."