जादा आकार

मास्तरीणबाईंनी आयुष्यात एकाही मुलाला एक अक्षर शिकवलेलं नाही. युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि एकतीस वर्षांपूर्वी जुने मास्तर गुडघे धरून घरी बसले तेव्हा त्यांची कात्री बाईंच्या हातात आली. म्हणून त्या मास्तरीण. नव्या माणसाला हे कुठून माहीत असणार? बँकेतल्या कारकुनानं एकदा अदबीनं विचारलं होतं, "कोणता विषय शिकवता?" बाई म्हणाल्या, "बाह्या."

लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस थर अंथरायचे, त्यावर कागदाचे फर्मे मांडायचे आणि कमीत कमी कापड वाया जाईल असं बघायचं, हे त्यांचं काम. सोपं वाटतं ना? एकदा मांडून बघा, नाकी नऊ येतात. पाठीचा तुकडा इथे, बाही तिथे, मधे ही एवढी वाकडीतिकडी जागा उरते. तुमच्याआमच्या लेखी ती चिंधी. बाई मान तिरकी करून दोन क्षण बघायच्या आणि त्या चिंधीत एक खिसा आणि अर्धी कॉलर बसवून मोकळ्या व्हायच्या. मालक म्हणायचा, बाईंच्या टेबलाखालचा कचरा उंदराला अंथरायलाही पुरायचा नाही.

आणि खरं सांगू का, बाई स्वतःही आयुष्यभर अशाच उरलेल्या जागेत बसत आल्या होत्या. लहानपणी तीन बहिणींत एक पलंग. मग वसतिगृहात चौघींची खोली. लग्नाचं जमता जमता राहिलं आणि त्या दादाकडे आल्या, त्यालाही आता तीस वर्षं झाली. दादाकडे त्या हॉलमधल्या दिवाणावर झोपायच्या. स्वयंपाकघरात जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या उशाशी वळसा घालून जाई. कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा त्यांचा. "एकटीला असं काय लागतं?" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की आता त्या स्वतःच ते म्हणायच्या. छप्पन्न वर्षांच्या या बाईला आतून कडी लावता येईल असं एकच दार ठाऊक होतं, न्हाणीघराचं. तिथेही वहिनी बाहेर उभी राहून बोलत असे.

वहिनी वाईट नाही हो. उलट सोन्यासारखी. तिच्या मनात काहीही नसतं, कारण जे मनात येतं ते लगेच तोंडातून बाहेर पडतं. झोपेतून उठताना तिचं वाक्य अर्ध्यातून सुरू व्हायचं. "...आणि म्हणूनच म्हणते वन्सं, दूध आधी तापवा." वन्संनी मान डोलवायची.

तर एकदा कारखान्यात जहाजावरच्या नोकरांच्या पांढऱ्या कोटांचं काम आलं. मापांच्या कागदांबरोबर चुकून जहाजाचं एक माहितीपुस्तक आलं. मधल्या पानावर फोटो. आकाशातून काढलेला. एवढंसं जहाज आणि चारी बाजूंना पाणी, पानाच्या टोकापर्यंत. बाईंनी पान उलटं धरून बघितलं, आडवं धरून बघितलं. त्यांच्या हातून इतकं कापड गेलं, प्रत्येकाला काठ होता. गावाबाहेरच्या नदीला काठ होता. समुद्रही त्यांनी एकदाच पाहिलेला, तोही काठावरून, शेंगदाण्याची पुडी हातात घेऊन. काठच नसलेली वस्तू कशी दिसत असेल? त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढचे तीन महिने बाईंनी असा काही अभ्यास केला की खरोखरची मास्तरीण लाजली असती. सगळ्या कंपन्यांची पुस्तकं आणली. नवंकोरं जहाज महाग, जुनं स्वस्त. पाणी दोन्हींच्या खाली तेच. शाळांच्या सुट्टीत भाव चढतात, परीक्षांच्या दिवसांत उतरतात. बसनं गाठता येईल अशा बंदरातून निघालं की विमानाचा खर्च वाचतो. खिडकीवाल्या खोलीला खिडकीचे पैसे, बाल्कनीला बाल्कनीचे. बाईंनी खिडकीवर काट मारली. पाणी बघायला वर गच्ची होती, तिथे उभं राहायला कुणी काही मागत नव्हतं. त्यांना खाली फक्त एक खोली हवी होती. आतून बंद होणारी.

शेवटी एक जहाज पक्कं झालं. सात दिवसांची फेरी. आणि त्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, त्यांना एक ओळ सापडली. 'एकट्या प्रवाशास जादा आकार राहील.'

आता तुम्हीआम्ही हे वाचलं असतं तर कपाळाला हात लावला असता. बाईंचे डोळे चमकले. आकार म्हणजे आकार! एकतीस वर्षं त्या आकारांतच जगल्या होत्या. सगळे तुकडे मांडून झाले की जादा आकार राहतोच, त्यात नवल ते काय? नवल हे की जहाज बांधणाऱ्यानं तो एकट्या माणसासाठी ठेवला! त्यांना भरूनच आलं. एवढ्या जगात कुणीतरी त्यांचा विचार केला होता म्हणायचं.

त्यांनी पुस्तकातला नकाशा टेबलावर पसरला आणि शोधायला बसल्या. मजल्यामागून मजला, खोल्यांच्या रांगा. चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या मागे जिना वळतो तिथे, एक करडा तुकडा दिसला. त्याला नंबर नव्हता, नाव नव्हतं. एक बाजू तिरकी, बाहीसारखी. बाईंनी खडूनं त्याच्याभोवती गोल काढला.

घरी सांगितलं तेव्हा दादानं वर्तमानपत्र खाली घेतलं. "एकटी? समुद्रात?"

"समुद्रात नाही, जहाजात," बाई म्हणाल्या.

वहिनीनं तोपर्यंत मनातल्या मनात बॅग भरली होती. "एकट्या कशाला? मी येते की! दोघींत एक खोली, सोबत झाली, खर्चही वाटला गेला. रात्रभर गप्पा मारू!"

"अगं, एकटीला वेगळा आकार असतो तिथे," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "लिहिलंय तसं."

शनिवारी दोघी प्रवास कंपनीच्या कार्यालयात गेल्या. नको नको म्हणताना वहिनी आलीच. काउंटरवर गोल चष्म्याची मुलगी होती. बाईंनी तिच्यापुढे पुस्तक ठेवलं आणि ऐटीत म्हणाल्या, "एकट्या माणसाचा जो जादा आकार असतो ना, तो मला द्या."

मुलगी गोंधळली. "आजवर सगळे तो माफ करा म्हणतात हो."

"का? चांगला नसतो का?"

मग मुलीला उलगडा झाला. तिनं हसू दाबलं, तेवढी सभ्य होती बिचारी. म्हणाली, "बाई, आकार म्हणजे पैसे. खोल्या दोघांच्या असतात. एकट्या माणसानं खोली घेतली की दुसऱ्याचेही पैसे त्यानंच भरायचे. म्हणजे जवळपास दुप्पट."

बाईंचे कान तापले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर एकटी म्हणून अर्ध्या जागेत भागवलं आणि इथे एकटी म्हणून दोघांचे पैसे! दुप्पट पैसे त्यांना सात जन्मांत झेपणार नव्हते.

"अय्या, मग सोपंच झालं की!" वहिनी पुढे सरकली. "दोघींचं लिहा. माझं वय जरा कमीच लिहा हं."

मुलीनं फॉर्म ओढला. आता एका 'नाही'चा प्रश्न होता. पण ज्या घराचं मीठ तीस वर्षं खाल्लं, ज्या बाईनं टायफॉइडमध्ये एकवीस दिवस उशाशी बसून पेज भरवली, तिला तोंडावर कसं सांगायचं की मला तू नको आहेस? मला कुणीच नको आहे? मुलीनं पेनाचं टोपण काढलं.

बाईंची नजर खाली गेली ती नकाशावर. आणि मास्तरीण जागी झाली.

"मग हा कोणता आकार?" त्यांनी खडूच्या गोलावर बोट ठेवलं.

"तो जिना असेल."

"जिना शेजारी आहे. पायऱ्या काढल्यात."

"मग सामानाची खोली असेल."

"सामानाच्या खोलीचं दार बाहेर उघडतं, हे आत उघडतंय, हा दाराचा बाक बघा. आणि ही बारीक रेघ नळाची आहे, शेजारच्या खोल्यांमधून आलीय तशीच इथेही आलीय. सामान काय तोंड धुतं?"

मुलीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फोन उचलला. फोनवर बराच वेळ नुसतं संगीत वाजत राहिलं. बाई टेबलाची कड घट्ट धरून बसल्या होत्या.

"हो, चौथा मजला... लिफ्टच्या मागे... काय सांगता!" मुलीनं फोनवर हात ठेवला. तिचा आवाज चिरकला होता. "खोली आहे! पूर्वी तिथे पियानो वाजवणारे गृहस्थ राहायचे. आता पियानोच काढला. एकच पलंग मावतो म्हणून ती यादीत टाकत नाहीत, कुणी फोन करून मागितली तरच देतात. एकाचेच पैसे. सहा वर्षं मी हा नकाशा लोकांना दाखवतेय, मला कधी दिसली नाही हो!"

बाईंचा जीव भांड्यात पडला. इतका जोरात, की शेजारी वहिनीचा चेहरा उतरला आहे हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. "बरं झालं हो वन्सं," वहिनी म्हणाली, आणि घरी जाईपर्यंत फक्त बसच्या गर्दीवर बोलली.

परीक्षांच्या दिवसांत बाई निघाल्या. बंदरावर टॅक्सीतून उतरल्या आणि समोर बघतच राहिल्या. ज्याचे मजले त्यांनी बोटानं मोजले होते ते हे? मान मागे टाकली, आणखी मागे टाकली, खांद्यावरची पिशवी घसरून खाली पडली, तरी वरचं टोक दिसेना. अकरा मजल्यांची ही पांढरीशुभ्र इमारत, आणि ती पाण्यावर उभी होती. हळूच हलतही होती! "बाई गं," त्या एवढंच म्हणाल्या. मागची माणसं ताटकळत होती.

खोली नकाशात होती तशीच होती. अरुंद, एक भिंत तिरकी, पलंग, आरसा, नळ. बाईंनी दार लावलं. कडी घातली. मग ती काढली आणि पुन्हा घातली. असं चार वेळा केलं. मग पलंगावर मधोमध बसल्या. कुणी आलं नाही. कुणी वळसा घालून गेलं नाही, दूध तापवा म्हणालं नाही. बाईंना आधी हसू आलं, आणि मग हसता हसता अशा काही रडल्या की शेवटी टॉवेल घ्यावा लागला. दुःख नव्हतं हो ते, आनंदच होता. इतका एकदम आला की आत मावेना.

दुसऱ्या दिवशी त्या पावणेदहाला उठल्या! खिडकीच नाही, उजाडलेलं कळणार कसं? धावतपळत जेवणघरात गेल्या. ब्रेड-लोणी देणाऱ्या पोऱ्याचा पांढरा कोट त्यांनी मागून पुढून न्याहाळला. कॉलर मानेशी नीट न बसता उभी राहिली होती. आमच्याकडची नाही, असं मनाशी म्हणून त्यांनी समाधानानं चहा घेतला. मग वर गच्चीवर गेल्या.

आणि तिथे ते होतं.

बाईंना वाटलं होतं फोटोसारखं असेल. छे! फोटोला पान होतं. हे संपतच नव्हतं. समोर पाणी, डावीकडे पाणी. त्या वळल्या, मागेही पाणीच. बाई कठडा धरून एक पूर्ण फेरी मारून आल्या, कुठेतरी काठ असेल म्हणून बघत. नव्हता. निळं, त्याच्यापुढे गडद निळं, आणि मग आकाश, आणि ते दोन्ही कुठे जोडलेत ते दिसेना. एकतीस वर्षं त्या वस्तू बघताक्षणी माप सांगत आल्या होत्या. इथे माप लागेना. भीतीचा मात्र मागमूस नव्हता. त्या तिथे दोन तास उभ्या राहिल्या. कुणीही त्यांना विचारलं नाही की एकट्या का उभ्या आहात.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी घरी फोन लावला. कंपनीनं प्रत्येक प्रवाशाला दहा मिनिटं फुकट दिली होती. पहिली चार मिनिटं वहिनीनं गॅस संपला, नळवाला आला नाही आणि दादा चिडचिड करतात यात घालवली. मग म्हणाली, "बरं, तिकडे कसं आहे?"

बाईंनी सांगितलं. कडीचं सांगितलं, पावणेदहाचं सांगितलं, आणि मग पाण्याचं सांगायला लागल्या तर शब्द पुरेनात. "वहिनी, अगं काठच नाही गं. मी सगळीकडे बघितलं. आणि मधे मी. एकटी. मला इतकं... मी इतकी मोठी आहे हे मला ठाऊकच नव्हतं."

पलीकडे काही आवाज नाही. फोन तुटला असं वाटून बाईंनी तो कानापासून लांब धरून पाहिला. तुटला नव्हता. मग एक दार लोटल्याचा आणि कडी लागल्याचा आवाज आला. वहिनी न्हाणीघरात गेली होती. ती इतक्या हळू बोलली की बाईंना दुसऱ्या कानावर हात ठेवावा लागला.

"वन्सं, त्या नकाशात तसला अजून एखादा तुकडा आहे का हो?"

"दादाला आणि तुला? मग दोघांचीच खोली घे की."

"ह्यांना कशाला?" वहिनी जरा थांबली. "आणि तुमच्याबरोबरही नको. राग मानू नका हं. मला एकटीला हवाय. आईकडून मी सरळ इथे आले वन्सं. माझ्या एकटीची खोली कधी नव्हतीच."

तीस वर्षं एका छपराखाली, आणि त्या समजत होत्या की दार फक्त आपल्यालाच नाही.

"असेल," त्या म्हणाल्या. "नसला तर काढू."