भुंग्याची उडी

तबेल्यातलं शेण रोज उचललं नाही तर ढीग होतो. किश्शांचंही तसंच. गोव्यात पार्स्याला रघुवीरबाबांच्या तबेल्यात मी बरीच वर्षं काढली. मी मूळचा कोल्हापूरकडचा. शाळा कमी, घोडे जास्त. ढीग मोठा झालाय, थोडा उपसतो.

रघुवीरबाब म्हणजे आमचे भाटकार, जमीनमालक. काजू-नारळाची बागाईत, आणि हौस घोड्यांची. त्यांनी एक काळा, कोवळा घोडा आणला, भुंगा. मला म्हणाले, "दिवाळीपर्यंत हा जंप मारायला शिकला तर बेळगावच्या मेजरसाहेबांच्या रायडिंग स्कूलला देईन. नाही तर केरीचा माणूस मागतोच आहे."

केरीचा माणूस म्हणजे किनाऱ्यावर पर्यटकांना पाठीवर बसवून फिरवणारा. असला घोडा आणि दिवसभर वाळूत पोरं वाहणार? मी म्हटलं, "शिकेल."

\*

कोवळ्या घोड्याला आधी जमिनीवर ठेवलेल्या लाकडावरून चालवतात. आम्ही पोफळीचा सोट आडवा टाकला. पुढे म्हातारी घोडी, मागे भुंगा, त्याच्यावर मी. घोडी शांतपणे ओलांडून गेली. भुंग्यानं सोट हुंगला, फुरफुरला, आणि छातीभर उंच उडाला! मी गवताच्या गंजीत.

आमचा सगुण घोड्यांचं दाणापाणी बघायचा. तो धावत आला आणि आधी घोड्याचे पाय तपासले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "लाकूड खाली आसा मरे, तुमी वयर खंय चल्लात?"

\*

दुसऱ्या दिवशी सगुणनं अडवलं. "गाऱ्हाणां घातल्याबिगर घोडो उडवचो न्हय!"

इथली रीतच तशी. विहीर खणायची असो की घर बांधायचं, आधी देवाला गाऱ्हाणं. एकानं मागायचं, बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला हुंकार भरायचा. सगुणनं टोपी काढली.

"बा देवा म्हाराजा! ह्या भुंग्याच्या पायांक राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बागेतले गडी ओरडले.

"आनी वयर बसल्ल्याच्या कंबरड्याकय राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्याच क्षणी मी टाच दिली. भुंगा बेतानं ओलांडून गेला. झालं! तेव्हापासून रोज सकाळी गाऱ्हाणं, हुंकार, टाच, उडी. सोट हळूहळू गुडघ्याच्या वर चढला.

\*

तेव्हा साऱ्या गोव्यात मराठी की कोकणी हा वाद पेटलेला. तबेला कसा सुटेल?

सगुण म्हणायचा, "घोडो गोंयचो. ताका कोंकणीच समजता."

मी म्हणायचो, "खोगीर कोल्हापूरचं आहे. मराठीच चालेल."

एकदा हातघाईवर आलो. रघुवीरबाब व्हरांड्यातून ओरडले, "गप्प बसा रे! तो दोघांचंही ऐकत नाही!"

\*

शेजारी नवं घर उठणार होतं. चिरे रचलेले, माणसं जमलेली. भुंगा कुंपणाच्या अलीकडे चरत होता. तिथल्या म्हाताऱ्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. "व्हय म्हाराजा!" झालं, आणि भुंगा कुंपणावरून आत! पुन्हा "व्हय म्हाराजा!" भुंगा चिऱ्यांच्या ढिगावरून थेट माणसांत!

घरमालकानं हात जोडले. "देव पावलो!"

मी मात्र कपाळाला हात लावला. माझी टाच त्याच्या लेखी काहीच नव्हती. तो हुंकारावर उडत होता.

\*

दिवाळीआधी मेजरसाहेब आले. पंजाबकडचे, मिशा ताठ. रघुवीरबाबांनी टाय बांधला होता. आम्हाला ताकीद दिली, "गावंढळपणा नको. गाऱ्हाणं बंद. तोंडातून आवाज काढाल तर याद राखा."

मी टाच दिली. भुंगा सोटापुढे थांबला. पुन्हा नेला. पुन्हा थांबला. मागे बघतोय, कान टवकारलेले.

मेजरसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "लास्ट चान्स."

फाटकात केरीचा माणूस दोर घेऊनच उभा होता. सगुण टोपी हातात धरून जमिनीकडे बघत होता. मी भुंग्याला तिसऱ्यांदा वळवलं. सोट जवळ आला, भुंगा मंदावला, आणि मागून घसा फाटेपर्यंत आवाज आला,

"व्हय म्हाराजा!"

रघुवीरबाब! टाय खांद्यावर!

भुंगा असा उडाला की खाली माणूस उभा राहिला असता. केरीच्या माणसानं दोर गुंडाळला. मेजरसाहेबांनी विचारलं, "ये क्या बोला?"

रघुवीरबाब टाय सरळ करत म्हणाले, "टेक्निकल वर्ड आहे, सर. पूर्ण कमांड लिहून देतो."

\*

पुढे गोव्याचं राज्य झालं, पेढे वाटले गेले. त्या वर्षी मी भुंग्याला भेटायला बेळगावला गेलो. मेजरसाहेबांचं मैदान म्हणजे शिस्त. शिट्टीशिवाय कोणी शिंकत नाही. बूट चमकवलेले शिकाऊ स्वार ओळीत उभे. समोर उंच बार, अलीकडे भुंगा, अंगावर तुकतुकी.

मेजरसाहेबांनी शिट्टी खिशात टाकली. टोपी काढून बगलेत धरली. आभाळाकडे बघितलं आणि परेडच्या आवाजात गर्जले,

"बा देवा म्हाराजा!"

सगळी ओळ सावधान झाली.